दहा टोकांची चांदणी

मशिदीच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या हातात पाण्याचं फुलपात्र होतं आणि कडेवर सात महिन्यांची मुलगी. मुलगी तीन दिवस सारखी रडत होती. जुन्नरच्या डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, कानात बॅटरी मारून पाहिली, आणि काही नाही म्हणत पोटाचे थेंब लिहून दिले. मग सासूबाई म्हणाल्या, "दिवस मावळायच्या नमाजाला मशिदीपुढं जाऊन उभी ऱ्हा. माणसं बाहेर येताना पाण्यावर फुंकर घालत्यात. तेवढं पाणी पाज तिला. तुझ्या नवऱ्यालाबी मी असंच न्हेलं व्हतं."

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, अवसरीच्या पुढचं. लग्न होऊन या गावात आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. गाव जुन्नर तालुक्यातलं, ओझरहून बेल्ह्याकडे जाताना आडबाजूला लागणारं. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मशीद मी रोज लांबून बघायचे, शेतावर जाताना. आमच्याकडे जुनं म्हटलं की काळा दगड. किल्ला दगडाचा, देऊळ दगडाचं, बारव दगडाची, गुरांचा गोठासुद्धा दगडाचा. ही एकटीच विटांची. जोतं तेवढं काळ्या दगडाचं आणि वर सगळी तांबडी वीट. संध्याकाळच्या उन्हात लांबून ती भाजलेल्या रताळ्यासारखी दिसायची. म्हणजे मला तरी तसंच वाटायचं.

त्या दिवशी नमाज सुटायची वाट बघत मी अगदी जवळ उभी होते. समोर तीन कमानी, मधली उंच. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना छातीच्या उंचीवर एकेक चौकोनी नक्षी भिंतीत बसवलेली, दोन हात लांब आणि दोन हात रुंद. रंगीत चकाकत्या तुकड्यांची. उजवीकडची निम्मीअधिक गळून गेली होती. डावीकडची जवळजवळ सगळी शाबूत होती. मधोमध पांढरी चांदणी, तिच्याभोवती पतंगाच्या आकाराचे तुकडे, काही हिरवट आकाशी, काही गडद निळे, आणि बाहेर पुन्हा छोट्या छोट्या पिवळसर चांदण्या. चुन्याचे ओघळ आले होते, धूळ बसली होती, तरी दारातल्या दिव्याचा उजेड पडला की सगळं पाण्यासारखं हलायचं. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली आणि रडायची थांबली.

माणसं बाहेर आली. एकेकाने फुलपात्रावर वाकून फुंकर घातली. सगळ्यांत शेवटी आले ते, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं ते. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "दात येत असंल," ते म्हणाले आणि फुंकर घालून चपला शोधायला गेले.

तिसऱ्या दिवशी मुलीला पहिला दात आला. सासूबाईंनी त्याचं श्रेय पाण्याला दिलं, डॉक्टरांनी दिलं असतं तर औषधाला. माझं लक्ष मात्र तोवर त्या चांदणीत अडकलं होतं.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. माहेरी मी रांगोळीसाठी ओळखली जायचे. शाळेत मी फार काही दिवे लावले नाहीत, पण ठिपक्यांची रांगोळी कितीही मोठी असू दे, एकदा बघितली की मला यायची. पंधरा ते आठ, एकवीस ते अकरा, कासवं, हंस, कमळं, सगळं. गणिताच्या चौकटीच्या वहीत मी ती उतरवून ठेवायचे. लग्नात ती वही मी ट्रंकेत घालून आणली होती. तेव्हा घरी आल्यावर वाटलं, ही चांदणी काय, उद्या सकाळी अंगणात काढू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. आठ टोकं आली. पुसली. पुन्हा ठिपके मांडले, एक ओळ वाढवून. बारा टोकं आली. पुन्हा पुसली. चार दिवस आमच्या अंगणात कधी आठ टोकांची, कधी बारा टोकांची, एकदा तर साडेनऊ म्हणावी अशी चांदणी निघत होती. भिंतीवरची काही उतरत नव्हती. माझा नवरा दूध घालायला डेअरीवर निघताना म्हणाला, "आज कोणती? कालची बरी होती."

मग मी रोज शेतावरून येताना मशिदीसमोर थांबायला लागले. आठवडाभराने चाचांनी विचारलंच.

"सूनबाई, पोरगी पुन्यांदा रडती का काय?"

"नाही चाचा. मी टोकं मोजतेय."

"कशाची?"

"त्या चांदणीची."

चाचा जातीने पिंजारी. गाद्या-उशा भरायचा त्यांचा धंदा. पाच वेळची बांग तेच द्यायचे आणि मशीद झाडायचेही तेच. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, नक्षीजवळ गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले. "चाळीस वर्सं झाडतोय मी हितं," ते म्हणाले, "पन मोजली कधी न्हाईत."

त्यांनी मोजली. अकरा आली. मी मोजली, दहा आली. त्यांनी पुन्हा मोजली, नऊ आली. शेवटी त्यांनी शेजारच्या घराकडे तोंड करून चाचींना हाक मारली. चाची पिठाच्या हातांनीच आल्या. काय झालंय ते ऐकून त्या इतक्या मोठ्याने हसल्या की हौदावरची कबुतरं उडाली. मग त्यांनी एका टोकावर पिठाचं बोट टेकवलं, ते तिथेच ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने मोजत गोल फिरून आल्या. "धा," त्या म्हणाल्या. "सुरुवात कुठनं केली ते इसरलं की असंच व्हतं."

दहा. आणि ठिपक्यांत दहा बसत नाही. चौकोनी मांडा नाहीतर तिरके मांडा, आठ येतात, सहा येतात, बारा येतात, पण दहा नाहीच. हे कळायला मला पंधरा दिवस लागले. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग त्या कारागिरानं ठिपकं मांडलेच नसत्याल."

त्यांनी मला उजवीकडच्या पडलेल्या नक्षीपाशी नेलं. तुकडे गळून गेले होते तिथे मागचा चुना उघडा पडला होता. चाचांनी त्यावर तोंडानेच फुंकर मारून धूळ उडवली. चुन्यावर अणकुचीदार कशाने तरी ओढलेल्या रेघा होत्या. एक मोठं वर्तुळ होतं, त्याच्या आत लहान वर्तुळ, आणि बरोबर मध्ये करंगळीचं टोक जाईल एवढं भोक.

"खिळ्याचं," चाचा म्हणाले. "हितं खिळा ठोकला, त्याला दोरा बांधला आन् फिरवला. आमी गोल उशीचं कापड असंच आखतो की."

"पण वर्तुळाचे सारखे दहा भाग कसे करायचे?"

"दोरा गोलाच्या कडंवरनं फिरवून घे. जेवढा लागंल तेवढा तोड. मंग त्याच्या पाच सारख्या घड्या कर. घड्यांना खूण कर. पाचाच्या मधी एकेक, झाले धा."

एवढं सोपं. मी घरी येऊन चूल पेटवायच्या आधी अंगणात खिळा ठोकला. दोऱ्याला कुंकवाची खूण केली, ती वर्तुळावर उतरवली, आणि एकेका खुणेपासून तिसऱ्या खुणेपर्यंत रेघ ओढत गेले. दहावी रेघ पहिलीला येऊन मिळाली तेव्हा मी एकटीच अंगणात टाळ्या वाजवल्या. सासूबाई आतून ओरडल्या, "भात करपला!"

त्या भाद्रपदात गावात गणपतीच्या दिवसांत बायकांची रांगोळी स्पर्धा ठेवली होती, शाळेच्या पटांगणात. मी नाव दिलं. नक्षी हातात बसली होती, अडचण होती रंगाची. गडद निळा मिळत होता. तो हिरवट आकाशी मात्र आमच्या बाजारात कुणाकडे नव्हता. चाचांना विचारलं, एखादा पडलेला तुकडा घरी नेऊ का, रंग जुळवायला. ते नाही म्हणाले. "मशिदीची वस्तू घरी न्यायची न्हाई. हितं बसून बघ, कितीबी बघ."

तेव्हा बेल्ह्याच्या बाजारपेठेत शिवणाच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक राजस्थानी जैन, पण त्यांचे आजोबाच इथे आलेले. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचे. त्यांच्याकडे दोऱ्यांच्या रंगांचं एक कार्ड असायचं, शे-दीडशे रंगांचे बारीक दोरे चिकटवलेलं. मी ते एका दिवसासाठी मागितलं.

"कशाशी मॅचिंग करायचंय, वैनी? ब्लाऊज आणलंय का?"

"ब्लाऊज नाही. मशिदीची भिंत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कार्ड कागदात गुंडाळून दिलं. म्हणाले, "जुळला तर मलाही नंबर सांगा. कुणी विचारलं तर सांगता येईल, हा दोरा जुन्या मशिदीच्या रंगाचा."

दोरा जुळला. मग त्या दोऱ्याला जुळेल अशी रांगोळी करायला बसले. पांढऱ्या रांगोळीत कपड्यांची नीळ, थोडी हिरवी पूड, चिमूटभर हळद. पहिली फार निळी, दुसरी पोपटी, तिसरी पावसाने भिजली. घमेली सुकायला ठेवली होती, त्यांत कोंबड्या शिरल्या, आणि पुढचे दोन दिवस आमच्या कोंबड्या निळ्या पायांनी गावभर हिंडत होत्या. चौथी जमली.

स्पर्धेच्या दिवशी मी खिळा, हातोडी आणि दोरा घेऊन गेले तेव्हा शेजारणी हसल्या. एक म्हणाली, "अगं, बांध घालायचाय का?" दुसरी हळूच म्हणाली, "गणपतीत गणपती काढावा माणसानं. ही मशिदीची नक्षी कशाला?" ते मला लागलं. मी खिळा ठोकायला सुरुवात केली. तीन तास मान वर केली नाही. वर केली तेव्हा भोवती माणसं उभी होती, आणि ती दुसरी बाईच माझ्यासाठी पाण्याचा तांब्या धरून उभी होती. "डोळं फिरत्यात गं तुझ्या चांदणीकडं बघून," ती म्हणाली.

परीक्षक म्हणून जुन्नरच्या शाळेतले एक चित्रकलेचे सर आले होते. त्यांनी माझ्या रांगोळीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग नियमांचा कागद काढला. रांगोळी मोकळ्या हाताने काढायची, असं त्यात लिहिलेलं होतं. खिळा आणि दोरा चालणार नव्हता. पहिला नंबर मोराला गेला, दुसरा गणपतीला, तिसरा 'पाणी वाचवा'ला. मला उत्तेजनार्थ म्हणून प्लास्टिकची परडी मिळाली. ती अजून लसूण ठेवायला आहे.

बक्षिसं वाटून झाल्यावर चाचा आणि चाची आले. चाचा गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि पतंग बघत बघत गोल फिरले. एका जागी थांबले.

"हितं चुकलीस, पोरी."

"कुठं?"

"एक आकाशी, एक गडद, एक आकाशी, एक गडद असं चाललंय. हितं मात्र तीन गडद लागोपाठ आल्यात."

मी म्हटलं, "चाचा, भिंतीवर तसंच आहे."

"शक्यच न्हाई."

"मी चाळीस वेळा बघितलंय."

"मी चाळीस वर्सं बघितलंय!"

आम्ही निघालोच. पुढे चाचा, मागे मी, माझ्यामागे चाची, त्यांच्यामागे चित्रकलेचे सर आणि वीस-पंचवीस माणसं. मशिदीसमोर चाचींनी पुन्हा बोट टेकवून मोजायला सुरुवात केली. आकाशी, गडद, आकाशी, गडद... आणि खाली डाव्या हाताला तीन गडद, एकाला एक लागून. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सर म्हणाले, "हे मुद्दाम केलेलं असतं. परिपूर्ण फक्त देव, माणसाच्या कामात उणीव राहायला हवी, अशी त्यामागे भावना असते."

चाचांनी थोडा विचार केला. "असंल बी," ते म्हणाले. "पन मला वाटतं दुपारचं जेवान झालं असंल त्याचं. झोप येत असंल."

त्यानंतर मी त्या घरातलीच झाले. सणावाराला चाचींकडून शीरखुर्म्याचं भांडं यायचं, आमच्याकडून पुरणपोळ्या जायच्या. दोन नमाजांच्या मधल्या वेळात चाचांनी मला एकदा आत नेऊन घुमट दाखवला. आतून तो उपड्या घातलेल्या कणगीसारखा दिसतो. विटा पातळ, दोन बोटं जाडीच्या, आणि त्यांची कडी एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी आत. खाली खोली चौकोनी, वर घुमट गोल. या दोहोंचं जमवायला चारी कोपऱ्यांत छोट्या कमानी टाकल्यात. चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनाचं हळूच गोल. मी मान मोडेपर्यंत बघत राहिले. एका विटेत कुत्र्याचं पाऊल उमटलेलं आहे. वीट ओली असताना भट्टीवरचं कुत्रं तिच्यावरून गेलं असणार. चाचांना तेवढी एक वीट मात्र पक्की ठाऊक होती. येईल त्याला ते ती आधी दाखवायचे आणि मग घुमट.

दोन हजार सालानंतर कधीतरी, लागोपाठ दोन पावसाळे जोराचे झाले. पाणी डाव्या नक्षीच्या मागे शिरलं आणि ती भाकरीसारखी फुगून भिंतीपासून सुटली. बोटाने वाजवली तर पोकळ आवाज यायचा. मशिदीच्या पंचांची बैठक झाली. काही जण म्हणाले, सगळं काढा आणि बाथरूमला लावतात तसल्या चकचकीत टाइल्स लावा, धुवायला सोप्या. चाचा बैठकीत कधी बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही. ठरलं एवढंच, की नक्षी काढून तीच परत बसवायची, चुन्यात.

घोडेगावकडचा एक मिस्त्री मिळाला. फरशी बसवण्यात त्याचं नाव होतं. माणूस तिरसट, पण हात हलका. नवा मोबाइल घेतला होता, त्याला रेंज फक्त मशिदीच्या पायरीवर यायची. त्यामुळे पायरीवर बसून तो सगळ्या तालुक्याशी भांडायचा. त्याने दोनशेच्या वर तुकडे एकेक करून सोडवले. प्रत्येकाच्या चकाकत्या तोंडावर खडूने नंबर घातला आणि ते पाच घमेल्यांत भरून ओसरीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी बसवायला सुरुवात करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा त्यांच्या लुनावरून आमच्या शेताच्या बांधापर्यंत आले. मी मिरच्या तोडत होते.

"सूनबाई, चल. तुझी वही घे."

"काय झालं?"

"तुझ्या चाचीनं घात केला."

झालं होतं ते असं. चाचींना वाटलं, इतक्या वर्षांची धूळ, परत भिंतीवर चढायच्या आधी एकदा स्वच्छ करावं. त्यांनी पहाटे उठून पाचही घमेली हौदावर नेली, नारळाच्या काथ्याने एकेक तुकडा घासला, आणि उन्हात चादरीवर पसरला. मी पोचले तेव्हा तुकडे नव्यासारखे लखलखत होते आणि एकावरही नंबर नव्हता. मिस्त्री पायरीवर डोकं धरून बसला होता. चाची पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांना मी एवढंसं तोंड केलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आता जमत न्हाई," मिस्त्री म्हणाला. "आमी काय बरमदेव हाये? दोनशे तुकडं, कुठला कुठं लावायचा?"

माझ्या वहीत चांदणी होती, पण बोटभर. नुसतं बघून भिंतीवर बसवता येईल अशी ती नव्हती. मी मिस्त्रीला विचारलं, "भिंतीतली जागा नेमकी केवढी आहे?" त्याने टेप लावून सांगितलं. मग मी घरी जाऊन रांगोळीचा डबा, खिळा आणि दोरा घेऊन आले. ओसरीसमोरच्या फरसबंद जागेवर चाचांनी पाणी मारून झाडून दिलं. फरशीत खिळा ठोकायची सोय नव्हती, म्हणून चाची खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी खिळा उभा धरला. "आता हालणार न्हाई मी," त्या म्हणाल्या, "नमाजाची येळ झाली तरी न्हाई."

भिंतीतल्या जागेएवढीच चांदणी मी जमिनीवर काढली. मग आम्ही सगळे एकेक तुकडा उचलून तिच्यावर ठेवत गेलो. पांढरे सोपे होते. पतंग बसले. पण कडेच्या छोट्या चांदण्यांचे तुकडे दिसायला सारखे आणि बसायला वेगळे. एक एक तुकडा चार चार ठिकाणी लावून बघायचा. कारागिराने प्रत्येक तुकडा हाताने तासला होता. मिस्त्रीने एक उलटा करून मला दाखवला. पुढून कड सरळ, मागून तासून निमुळती केलेली, म्हणजे पुढे दोन तुकडे अगदी भिडतात आणि मागे चुन्याला जागा राहते. "ह्या माणसाकडं कटर मशिन न्हवती, राव," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने त्या दिवशी आलेला फोन घेतला नाही.

चार दिवस लागले. बांग झाली की आम्ही उठायचो. मी समोरच्या चिंचेखाली जाऊन बसायचे, नमाज झाली की परत. दुपारी चाची जेवायला वाढायच्या. मिस्त्री माळकरी होता. त्याच्यासाठी त्यांनी नवीन पातेलं आणून वेगळी भाजी केली, त्याने न सांगता. तिसऱ्या दिवशी तो तीन वेळा भाजी मागून घेऊन जेवला आणि त्याचा तिरसटपणा बराच कमी झाला.

शेवटी भांडण झालंच, तीन गडद पतंगांवरून. उजवीकडच्या पडक्या नक्षीतले काही चांगले तुकडे शिल्लक होते, त्यांत एक आकाशी पतंग होता. मिस्त्री म्हणाला, "हा लावू. चूक निघून जाईल."

"जसं व्हतं तसंच लावायचं," चाचा म्हणाले.

"चाचा, उद्या लोक काय म्हणत्याल? मिस्त्रीला आकाशी-गडद कळत न्हाई म्हणत्याल. माझी कामं जात्याल."

"आदीपासनंच चुकलेलं हाये ते."

"ते तुमाला ठावं. बघणाऱ्याला काय ठावं?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मला मिस्त्रीचंही पटत होतं. मी चाचांना म्हटलं, "जसं होतं तसंच लावू. पण तुम्ही शुक्रवारच्या नमाजानंतर सगळ्यांना सांगायचं, की चूक जुनी आहे, मिस्त्रीची नाही." चाचांनी लगेच मान हलवली. मिस्त्रीने थोडी कुरकुर केली आणि तिसरा गडद पतंग चुन्यात दाबला. जे तुकडे मिळालेच नाहीत तिथे त्याने साधा चुना भरून घोटला. रंग मारला नाही. तेही बरं दिसतं.

त्या शुक्रवारी चाचा खरोखरच उभे राहून बोलले, म्हणे. नुसतं बोलले नाहीत, सगळ्यांना नक्षीसमोर आणून बोटाने दाखवलं. रविवारी दुपारी पंचांनी सगळ्या गावाला मशीद बघायला बोलावलं. पिंपात सरबत केलं होतं. सासूबाई पहिल्यांदाच मशिदीच्या आत गेल्या. घुमटाखाली उभ्या राहून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"एवढ्या वरची जाळी कोन काढतं?" त्यांनी चाचांना विचारलं.

"कोन न्हाई," चाचा म्हणाले.

"मंग आमच्या घरातली ऱ्हायली तरी चालतंय," सासूबाई म्हणाल्या. त्या बऱ्याच खूश दिसत होत्या.

दोन महिन्यांनी मिस्त्री आमच्या दारात मोटारसायकल घेऊन हजर झाला. माझ्या माहेरच्याच गावात देवळाचा नवा सभामंडप बांधत होते. मधोमध रंगीत दगडांचं फूल बसवायचं काम त्याने घेतलं होतं. "ताई, आखणी तुमी करा, बसवतो मी," तो म्हणाला. "मला कापायला येतं, मोजायला येतं, पन ती नक्षी सुचत न्हाई." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "धारापण मी काढीन, तू जा."

हे माझं पहिलं पैशाचं काम. मी बारा पाकळ्यांचं फूल आखलं. माझा भाऊ आणि वहिनी रोज येऊन बघायचे. माहेरची माणसं म्हणायची, ही कुठं शिकली हे? मिस्त्री छिन्नीवरून मान वर न करता म्हणायचा, "जुन्नरला." चौथ्या दिवशी वहिनीने चहाची किटली आणली. निम्मं फूल बसलं होतं, निम्मी जागा रिकामी होती. आम्ही बसलेल्या बाजूला पाय लागू नयेत म्हणून रिकाम्या बाजूला कपबश्या ठेवल्या आणि चहा घेतला. मग मिस्त्रीने हात झटकले, मी पुढची पाकळी आखायला वाकले.